दोन्ही हात भिंतीला

भांडगाव,
रविवार, सकाळचे सहा

प्रिय अनू,

मी माहेरी आले आहे. दौंडला कालपासून जिल्हा जलतरण स्पर्धा सुरू झाल्यात, आज दुसरा दिवस. रोज शिरूरहून ये-जा करण्यापेक्षा भावाकडं मुक्काम बरा, म्हणून काल संध्याकाळी इथं उतरले. कालव्याला पाणी सुटलंय. ओट्यावर बसून लिहितेय आणि समोरून पाण्याचा आवाज येतोय. हे पत्र मी आज प्रांजलची रिले झाली की तिच्या बॅगेत घालणार आहे, ओल्या टॉवेलपासून लांब, प्लास्टिकच्या पिशवीत. फोन तू उचलत नाहीस. मेसेजवर माझं नाव दिसलं तर तू तो उघडायचीही नाहीस. पण कागद तुझ्याच्यानं फाडवणार नाही, हे मला माहीत आहे. शाळेत असताना तू पुडा बांधून आलेला कागदसुद्धा हातानं सरळ करून वहीत ठेवायचीस.

लेक जिंकल्याचा फोन तुला कालच आला असेल. शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक, पहिला नंबर. पण फोनवर पोरं दोन वाक्यं बोलतात आणि ठेवून देतात. कसं झालं ते तुला कुणीतरी सविस्तर सांगायला हवं, आणि ते मी फार जवळून पाहिलंय.

याच कालव्यात आपण पोहायला शिकलो, ते प्रांजलला तू कधी सांगितलंस का गं? मी काल सांगितलं तर ती डोळे विस्फारून बघत राहिली. पोरींनी धुणं धुवायचं, पाण्यात उतरायचं नाही, असा दंडक होता. तू आधी उतरलीस, मग माझा हात धरून मला ओढलंस. पुलाखालून पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा आपण सातवीत होतो. घरी कळल्यावर तुझ्या आईनं, कुशाबाईंनी, ओल्या परकरासकट तुला दारात उभं केलं आणि विचारलं, "बुडली असतीस म्हंजी?" तू म्हणालीस, "तेजू व्हती की संगं." मार तुला पडला. मी नुसतीच रडले.

लग्नं होऊन दोघी शिरूरला आलो, पोरी एकाच क्लबात घातल्या, तेव्हा मला वाटायचं, हे दैवानंच जुळवून आणलंय. आठवतं का, क्लबच्या साई सरांनी पहिल्याच महिन्यात आयांना कामाला लावलं होतं. पोरं पाण्यात अन् आया बाकावर गप्पा मारत बसतात, हे त्यांना बघवायचं नाही. तुझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि मला वळणावर, पोरी भिंतीला लागून परत फिरतात त्या टोकाला, उभं केलं. दोघींनी मिळून यवतच्या दुकानातून पांढरे ड्रेस शिवायला कापड घेतलं, कारण पंचांनी पांढरं घालायचं असतं. पहिल्या स्पर्धेत तुझं वॉच सुरूच झालं नव्हतं आणि तू शेजारच्या बाईचा आकडा बघून लिहायला निघाली होतीस. मी डोळे वटारले. तू जीभ चावलीस आणि सरांना खरं सांगून आलीस. किती हसलो होतो त्या दिवशी.

आणि मग दोन वर्षांपूर्वीची ती स्पर्धा. मी ती टाळून पुढं जाणार नाही. तुझी प्रांजल पाच नंबरच्या लेनमध्ये, माझी ऋतिका चारमध्ये, आणि वळणाच्या टोकाला त्या दोन्ही लेनवर मी. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात. तिसऱ्या वळणाला प्रांजलचा उजवा हात लागला आणि डावा मागून आला. मी पाहिलं. चूक दाखवायला हात वर केला. ती पहिली आली, वर येऊन तुझ्या गळ्यात पडली, आणि मग भोंग्यावर तिचं नाव बाद म्हणून आलं. पहिला नंबर ऋतिकाचा झाला.

गेटपाशी तू मला जे बोललीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तुला माझी पोरगी परकी झाली, मग आजपासनं मी बी परकी." महिन्याभरात तुम्ही शिक्रापूरला राहायला गेलात. भाऊजींची कंपनी तिकडं होती, हे खरंच. पण तेवढंच कारण नव्हतं. प्रांजलला तू तिथल्या शाळेच्या टँकवर घातलंस आणि स्वतः मात्र पुन्हा कुठल्याच टँकवर पाऊल ठेवलं नाहीस. इकडं क्लबात लोक बोलत राहिले. मी पंचाचं काम सोडायचं ठरवलं होतं. आमच्या सासूबाईंना, सोजराबाईंना, तसं सांगितलं. त्या नर्सरीत रोपांचे ट्रे भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "खरं बघून हात वर केला असशील, तर आता घरात बसून त्यो खोटा करू नगंस." म्हणून टिकले. पुस्तक घेऊन सगळे नियम वाचले, बेचाळिसाव्या वर्षी राज्याची पंच परीक्षा दिली, पास झाले. निकाल लागला तेव्हा पहिल्यांदा तुझा नंबर लावला. वाजत राहिला.

आता कालचं ऐक. ऋतिकानं गेल्या वर्षी पोहणं सोडलं, बारावी आहे तिची, त्यामुळं माझं कुणी पाण्यात नव्हतं. दुपारच्या यादीत माझ्या नावापुढं वळणाची पाच नंबरची लेन होती आणि त्या लेनमध्ये प्रांजल. मी सरळ मुख्य पंचांकडं गेले. आनंदराव सर, तेच आपले निवृत्त मास्तर, टोपी घालून खुर्चीत बसणारे. म्हटलं, सर, माझी लेन बदला. या मुलीला मी पूर्वी बाद केलंय, तिच्या घरच्यांशी माझं बोलणं नाही. ती मला बघून बिचकेल. ते यादी घेऊन बदल लिहिणार, एवढ्यात मागून आवाज आला, "सर, नका बदलू."

प्रांजल होती. टोपी घातलेली, गॉगल कपाळावर. केवढी उंच झालीय गं, माझ्या डोक्याच्या वर गेली. सरांना म्हणाली, "काकूच उभ्या राहू देत. दुसरं कुणी असलं अन् मी जिंकले, तर लोक म्हणतील, सोडलं असंल हिला. काकूंच्या समोर जिंकले तर कुणी काही बोलायचं न्हाई." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पण काकू, चुकले तर हात वर करा. मागच्यासारखाच." सरांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "जावा, आपल्या जागेवर जावा दोघी."

मी माझ्या टोकाला जाऊन उभी राहिले. गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "ह्याच त्या बाई." ऐकू येईल असंच म्हणालं. शिट्टी झाली, आठही पोरी पाण्यात गेल्या. पहिल्या वळणाला प्रांजल तिसरी होती. अगदी सावध आली, हात नीट ठेवले, त्यात तिचा वेळ गेला. मला वाटलं, माझ्यामुळंच ही घाबरून पोहतेय. दुसरं वळण पलीकडच्या टोकाला होतं, तिथून निघाली तेव्हा दुसरी. आणि मग ती माझ्याकडं यायला लागली.

अनू, ते पंचवीस मीटर मी कसे सांगू तुला. डोकं वर, पाण्यात, वर, पाण्यात, आणि प्रत्येक वेळी माणूस जवळ येत जातो. पुढची मुलगी बारामतीची, अंगानं चांगली थोराड, अर्धा हात पुढं होती. मी वाकले. पंचानं भिंतीकडं बघायचं असतं, पोहणाऱ्याच्या तोंडाकडं नाही. मी भिंतीकडं बघितलं. आणि तुझ्या लेकीचे दोन्ही हात, दहाची दहा बोटं, एकाच क्षणी त्या फरशीवर येऊन पडले. असा आवाज झाला, पोळपाटावर लाटणं आपटावं तसा. घाबरून ठेवलेले हात नव्हते ते. पूर्ण वेगात आलेले. तिथंच, त्या वळणावरच, ती पुढं निघाली.

माझं काम तिथं संपलं. शेवट पलीकडच्या टोकाला होता. मला नुसती तिची पाठ दिसत होती, आणि ती बारामतीची मुलगी मागं पडत चालली होती, एक हात, मग एक अंग. भिंतीला लागल्यावर सगळ्या पोरी बाकावरच्या आपल्या माणसांकडं बघतात. प्रांजल मागं वळली आणि तिनं गॉगल वर करून टँकच्या लांबीएवढ्या अंतरावरून माझ्याकडं पाहिलं. माझे दोन्ही हात खाली होते. ते तिला दिसावेत म्हणून मी अंगापासून थोडे लांब धरले. तिनं पाण्यावर अशी काही थाप मारली की टायमिंगला बसलेल्या बायका भिजल्या.

तीन वॉचमध्ये एक मिनिट वीस सेकंदांच्या आसपास तीन आकडे आले, मधला धरतात, तो वीस पूर्णांक चौऱ्याऐंशी. या स्पर्धेत आठ वर्षांत कुणी एवढ्या लवकर आलं नव्हतं. भोंग्यावर तसं सांगितलं तेव्हा सगळी गॅलरी उभी राहिली, मघाशी बोललेलं माणूसही उभं असणार. प्रांजल ओल्या पायांनी धावत माझ्याकडं आली. विचारलं, "काकू, दोन्ही लागले ना?" मी म्हटलं, "लागले. दोन्ही, एकदमच." मग पंच, पांढरे कपडे, सगळं विसरून मी तिला जवळ घेतलं आणि पुरती भिजले. ती राज्याला चालली आहे, अनू. आपली पोरगी. आपली म्हणते, रागावू नकोस.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतेय. त्या दिवशीचा माझा हात खरा होता, ते मी बदलणार नाही, आणि काल प्रांजलनंही ते बदलायला सांगितलं नाही. पण दोन वर्षांपूर्वी शर्यतीआधी आनंदराव सरांनी सगळ्या पंचांना विचारलं होतं, "कुणाचं लेकरू असंल तर आत्ताच सांगा, लेन बदलून देतो." तू त्या वेळी वॉच आणायला गेली होतीस, तुला हे ठाऊक नाही. मी गप्प बसले. ऋतिका भिंतीला कशी येते ते मला जवळून बघायचं होतं. तेवढा एक लोभ. मी बोलले असते तर तिथं दुसरं कुणी उभं असतं, त्यानंही हात वर केला असता, आणि रडणाऱ्या प्रांजलला एका बाजूनं तू आणि दुसऱ्या बाजूनं मी धरलं असतं. खरं तेच केलं, मग माफी कशाची, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. माफी हाताची नाही. माफी त्या जागेची, जिथं मी उभं राहायला नको होतं. ती मी मागते. काल हे सरांनाही सांगितलं. राज्य स्पर्धेला मला पंच म्हणून बोलावलंय. प्रांजलच्या शर्यतीत मी काम घेणार नाही, हे आत्ताच कळवून टाकलंय. त्या दिवशी मी गॅलरीत बसणार आहे. शेजारची जागा धरून ठेवते. तू ये. लेकीला पोहताना तू दोन वर्षं पाहिलेलं नाहीस, आणि ती काय पोहते गं, अनू!

तुझी वाट बघणारी,
तुझीच
तेजू