आखणाऱ्याकडे बघणारा

रोहा, १२ ऑगस्ट १९९५, संध्याकाळ

"देवानं पूजा करणाऱ्याकडं बघायला हवं गो, डोळे आखणाऱ्याकडं नाय." पेणच्या आमच्या गणपतींच्या कारखान्यात मला मूर्तींच्या डोळ्यांची आखणी शिकवताना बाबा म्हणाले होते. आज दिवसभर तेच वाक्य.

दोन महिने झाले, उजव्या डोळ्याला सरळ रेघ मध्येच वाकलेली दिसते. दाराची चौकट, या वहीच्या ओळीसुद्धा. कुणाला सांगितलं नाही. सांगायला घरात आहे कोण?

दर वर्षीसारखी आज पेणला गेले, डोळे आखायला. आखताना डावा डोळा मिटायची माझी जुनी सवय. पहिल्याच मूर्तीची नजर मला अगदी सरळ वाटली. धाकटा भाऊ दत्तू मात्र हसला.

"ताई, ह्यो बाप्पा बघतोय कुठं गो? रोह्याची गाडी आली काय?"

मी उजवा डोळा झाकून पाहिलं. बुबुळं खरंच एका बाजूला सरकली होती. माझा चेहरा बघून दत्तूनं हसू आवरलं. मग हळूच म्हणाला, "डॉक्टरला दाखव. आखणी आता माझी बायको करील. याचे डोळे परवा पुसून घेतो."

पुन्हा डावा मिटला. देव नीट माझ्याकडे बघत होता. फक्त माझ्याकडे. बाबा, चुकलंच माझं. पण माझ्या या डोळ्याला सरळ दिसणारं जगात तेवढं एकच आहे ना?

तिरळा देव कुणी कुणाच्या घरी देत नाही, दत्तू तर नाहीच नाही. तरी सकाळी शेजारून फोन करणार आहे: दत्तू, ते डोळे पुसू नकोस. पूजेला नको रे, नुसता समोर ठेवते. मला दे.