चेहऱ्याच्या डब्यातला लाल

आबा,

गेल्या आठवड्यात शाळेतल्या एका मुलीच्या आईनं मला विचारलं, रंग साधे घेऊ की भारीतले? मी चित्रकला शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दर जूनमध्ये येतोच, आणि दर वेळी तुमचंच उत्तर मी माझं म्हणून खपवते. सरावाला साधे चालतात, दुसऱ्याच्या भिंतीवर जाणार असेल तर भारीतलेच घ्या.

शिवाजी पेठेतल्या आपल्या खोलीत तुम्ही पत्र्याचे दोन डबे ठेवायचात. एकात स्वस्त ट्यूबा. त्या पदर, कोट आणि मागच्या पडद्यासाठी. दुसऱ्यात मुंबईहून मागवलेल्या चार-पाच महागड्या ट्यूबा. त्या फक्त चेहऱ्यासाठी. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन कुणी आलं की तुम्ही आधी हात धुवायचात आणि मगच तो डबा उघडायचात. मी विशीतली, कलाशाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि मला हा नुसता कंजूषपणा वाटायचा. तसं बोललेही एकदा. तुम्ही म्हणालात, "साडी माणूस बदलतंय. तोंड बदलत न्हाय."

त्याच वर्षी प्रदर्शनाच्या चित्रासाठी तुमच्या डब्यातली लाल ट्यूब मी चार दिवसांत संपवली, तुम्हाला न विचारता. नवी आणायची ऐपत नव्हती आणि सांगायची हिंमत नव्हती. मग ट्यूबच्या बुडाची घडी चिमट्यानं उलगडली, आत स्वस्तातला लाल भरला आणि घडी पुन्हा दाबून बसवली. माझ्या चित्राला बक्षीस मिळालं. तुम्ही गल्लीभर पेढे वाटलेत.

दोन उन्हाळ्यांनी चंदगडकडचे एक काका आले. बायकोचं तुम्ही काढलेलं चित्र चादरीत गुंडाळून एसटीनं आणलेलं. घरी ते खिडकीसमोर, उन्हात टांगलं होतं. साडी जरा विटली होती, चेहरा काल काढल्यासारखा होता, आणि कपाळावरच्या कुंकवाच्या जागी फक्त मळकट डाग उरला होता. ते ओरडले नाहीत. खाली बघत म्हणाले, "पेंटर, माझी बायको भरल्या कपाळानं गेली. तुमी तिचं कुंकू पुसलंसा की."

मी दारात उभी आहे. तुम्ही दोन्ही डबे पुढ्यात ओढता, आतल्या ट्यूबा एकेक करून डोळ्यांजवळ नेता. मला वाटतंय, आता बोलावं. तेवढ्यात तुम्ही हात जोडता आणि म्हणता, "चूक माझी हाय, पावणं. ह्या डब्यातला सोडून त्या डब्यातला लाल घेतला असणार. डोळ्यांनी दगा दिला."

नवी ट्यूब फोडून तुम्ही ते कुंकू पुन्हा लावलंत. हात जराही हलला नाही. त्यानंतर मात्र तुम्ही चेहरा काढला नाहीत. शिरोली एमआयडीसीत मशिनांवर नंबर घालायला जाऊ लागलात. लोक फोटो घेऊन यायचे, तुम्ही त्यांना दुसऱ्या पेंटरचा पत्ता द्यायचात.

डोळे तपासायला मीच तुम्हाला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर सोडला तर काही नाही. येताना रिक्षात तुम्ही विचारलंत, "मग त्ये कुंकू कसं गं उडालं?" मी म्हणाले, "वयानं व्हतंय असं, आबा." तुम्ही मान डोलावलीत. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती तुम्ही. ट्यूबमधला रंग बदलल्याची जेवढी लाज वाटत नाही, तेवढी मला त्या वाक्याची वाटते.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. तुमच्या माघारी ती अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, की नजर गेली म्हणून ह्यांनी ब्रश खाली ठेवला. मी शेजारीच बसलेली असते. काल शेजारणीला सांगताना तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी हो म्हणाले.