एका अळीतून सात जाती

२ जून, सकाळी ८.१०
आजपासून शिस्त. आपल्या भागातल्या परोपजीवी गांधीलमाश्या, तिळाएवढ्या, एकूण ४१२. दिवस २८. रोज सोळा ओळखल्या तर दोन दिवस हातात उरतात. त्यात प्रस्तावना लिहीन. ३० तारखेला जातींची यादी दिली नाही तर पीएचडीची नोंदणी रद्द. सहा वर्षं झाली, माझ्या गाईड मॅडम आता मुदत वाढवून देणार नाहीत. वाढवायची वेळच येणार नाही.

आईला समजावलं की ही माशी अळीच्या अंगात अंडी घालते आणि पिल्लं अळीला आतून खातात. आई म्हणाली, म्हणजे घरात राहून घरालाच खाणारी. माझ्याकडे बघून म्हणाली नाही, असं मला वाटतं.

४ जून
ओळखल्या : ०. पण महत्त्वाचं लक्षात आलं. माश्यांवर धूळ आहे. तोंड न धुतलेल्या माणसाचा ओळखपत्रासाठी फोटो काढतात का? आधी सगळ्या ४१२ स्वच्छ, मग नावं. मॅडमनी दिलेला ब्रश फार मऊ आहे, धूळ नुसती जागा बदलते. जरा कडक आणला.

९ जून
स्वच्छ : १३६. ओळखल्या : ०. पण स्वच्छ करणं म्हणजे अर्धी ओळख, तेव्हा ६८ धरायला हरकत नाही.

१५ जून
काका आला होता. बाबांनी त्याला सांगितलं, पोरगी महिनाअखेर डॉक्टर होतेय. काकानं विचारलं, कसली? चिलटांची. काका म्हणाला, चिलटं आजारी पडतात होय? मी दोघांना नीट समजावून सांगितलं की ही चिलटं नव्हेत. तोवर ते क्रिकेटवर गेले होते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. चुकीची माहिती घराबाहेर जाऊ देणं मला शोभत नाही.

१९ जून
४१२ लखलखीत. शंका आली त्या तीन-तीनदा केल्या. उद्यापासून माशीच्या मिशीची कांडी, म्हणजे एकापुढे एक सांधलेले बारीक भाग, मोजायची. या गटात जात ठरवताना ती संख्या मोलाची. आता रोज ३८ ओळखाव्या लागतील. जमेल.

२१ जून, दुपारी
एकाच अळीतून निघालेल्या तीस माश्या मोजल्या. पहिलीची कांडी २६. दुसरीची २३. तिसरीची १९. पाच-पाचदा मोजल्या, तिसांत मिळून सात वेगवेगळे आकडे. एका अळीतून सात जाती! कुठल्याच पुस्तकात अशी नोंद नाही. म्हणजे सातही नव्या.

एकीला आईचं नाव देणार. आई म्हणाली, माझं नको बाई, तुझ्या आत्याचं दे.

२३ जून
प्रामाणिकपणे नोंदवून ठेवते : एकदा साफ केलेल्यांची कांडी जास्त, तीनदा साफ केलेल्यांची कमी. निष्कर्ष : कमी कांड्यांच्या जाती मुळातच जास्त मळतात. हे आठवं नवं संशोधन.

२७ जून
मॅडमना दाखवलं. त्यांनी विचारलं, ही सगळी एका आईची लेकरं ना? मग जाती सात कशा? मी म्हटलं, तेच तर संशोधन. त्यांनी माझ्या कामाच्या टेबलावरचा ब्रश उचलला, पांढऱ्या कागदावर झटकला. काळी बारीक कुसळं पडली. म्हणाल्या, ही उरलेली कांडी. मग विचारलं, असं किती साफ केल्यास? मी सांगितलं, सगळ्या. मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

२८ जून
रडून झालं. टेबलावरून, ट्रेमधून, ब्रशमधून ११०० तुकडे मिळाले. कुठला कोणाचा हे ठरवणं अशक्य नाही, फक्त धीर हवा. दोन दिवस, रोज ५५०. मग यादी.

२९ जून
जोडलेले तुकडे : २. त्यातला एक तुकडा बहुधा माझ्या पापणीचा केस.

३० जून, संध्याकाळी ५
यादी दिली. कोरी होती, पण वेळेत. मॅडमनी फॉर्मवर सही केली. नोंदणी रद्द. म्हणाल्या, नमुने फेकायचे नाहीत, पहिल्या वर्षाला दाखवू, साफसफाई कशी करू नये ते कळेल. अक्षर चांगलं आहे तुझं, लेबलं तूच लिहून दे.

घरी बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझं काम आता दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवणार आहेत. यात एकही शब्द खोटा नाही.

बाबा म्हणाले, मग झालं की. आणि चपला घालून सगळ्यांना सांगायला निघाले.