पंधरा मिनिटांचा अंधार

तंजावूर,
१७ मे १९९४

प्रिय राजम,

आठव्या महिन्यात बंगळूरहून प्रवास नको म्हणून डॉक्टरांनी तुला अडवलं आणि आईचं शेवटचं तोंड तुला दिसलं नाही. हे माझ्या मनातून जातच नाही गं. ती जायच्या चार दिवस आधी मी परसात तिचे फोटो काढले होते, खास तुला पाठवायला. मोगरा ओवत बसली होती आणि रोल फुकट घालवतोस म्हणून माझ्यावर चिडत होती.

स्टुडिओवाल्या वेंकटरमणाकडे परवा कलरचं मशीन येतंय. ब्लॅक अँड व्हाइटचं सगळं सामान तो उद्या विकतोय. आज संध्याकाळपर्यंत निगेटिव्ह आणलीस तर प्रिंट काढून देतो, म्हणाला. रोल नेहमीप्रमाणे मीच धुणार होतो. नळाचं पाणी चौतीस डिग्री, त्यात फिल्मवरचा थरच सुटायचा, म्हणून बर्फ घालून वीसवर आणलं. पण खरी धास्ती वेगळी होती. रोल धुवायच्या टाकीत भरून झाकण लावेपर्यंत गच्च अंधार लागतो आणि आपल्या घरात बिनखिडकीची खोली एकच. आई तिथंच गेली, दहा दिवसांचा दिवाही तिथंच ठेवलाय. गंगाबाईआत्यानं पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "सेतु, हा विझू देऊ नकोस. विझला तर पोटच्या पोरीवर येतं."

आज दुपारी आत्या जेवून लवंडली आणि मी आतून कडी लावली. दिवा जागेवरून हलवत नाहीत. परातीखाली झाकून पाहिला, तर कडेनं उजेड येत होता. मग मी फुंकर मारली. राजम, फिल्म दोनदा रिळावरून निसटली. पाच मिनिटांच्या कामाला पंधरा लागली. टाकीचं झाकण लावलं आणि काडी ओढून दिवा परत लावला. कुणाला काही कळलं नाही.

फोटो छान आलेत. आई हसतेय.

फिल्म वाळत घालून मी तडक एसटीडी बूथवर गेलो. तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. मेहुणे ऑफिसात असतील, तू झोपली असशील, एवढं मला कळतं. असल्या गोष्टी मी मानत नाही म्हणून आईशी किती भांडायचो, पण आज भीती वाटते. फोटो मागाहून येतीलच. हे पत्र मिळताच "मी बरी आहे" एवढी एकच ओळ लिहून टाक. मेहुण्यांना लिहायला लावू नकोस. मला तुझं अक्षर बघायचंय.

तुझाच,
सेतुअण्णा