म्लिमाजूला एकदा या

शारजा,
सोमवार

तीर्थस्वरूप सुमेधाताईस,

धाकट्या गुणवंतचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? दाजींची साखर आटोक्यात आहे ना (आणि साखरेचा डबा अजून वरच्या फळीवरच आहे ना)? इकडे मंजुषाची पाठ, माझं पोट आणि ईशानीचा मूड सोडले तर आम्ही तिघं खुशाल आहोत. हातात फोन असताना हा कागदावर काय लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, आणि तू बोलायला लागलीस की माझं म्हणणं मला आठवेनासं होतं, हे लहानपणापासूनचं आहे. आमच्या मंडळातल्या वैभवी पुण्याला निघाल्यात, त्यांच्याजवळ हे पत्र आणि खजुराचा डबा देतोय. त्यांना दारातूनच वाटेला लावू नकोस. आत बसव, चहा दे, सोबत कुणी असेल तर त्यांनाही दे, आणि मग निवांत वाच.

तर नूरुद्दीन. इथल्या इंडस्ट्रियल एरियात आमच्या कंपनीचं गोदाम आहे, तिथे हा फोर्कलिफ्ट चालवतो आणि मी मालाची आवक-जावक सांभाळतो. माणूस कोमोरोसचा. (आफ्रिका आणि मादागास्करच्या मधली बेटं. दाजींच्या नकाशात शोधू नकोस, त्यात तिथे शाईचा डाग आहे.) त्याचं गाव त्यातल्या एका बेटाच्या पार पोटात, डोंगरावर, नाव म्लिमाजू. गेली कित्येक वर्षं चहाच्या वेळी तो मला म्हणतो, "सर, एक बार हमारा गाँव आओ," आणि मी म्हणतो, "इन्शाल्ला, जरूर." आता आपल्याकडे कसं असतं, तुला ठाऊक आहे. जिन्यात कुणी भेटलं की आपण "या एकदा घरी" म्हणतो, ते "येऊ की" म्हणतात, आणि दोघंही निर्धास्तपणे आपापल्या दारात शिरतात. कधी येता, असं कुणी विचारत नाही, विचारणं असभ्यपणाचं. म्लिमाजूत ही सोय नाही. तिथे येतो म्हणालेला माणूस येतो, आणि तो कधी येतो एवढंच काय ते ठरवायचं असतं. एके दुपारी नूरुद्दीनने व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर त्याची आई मैमुनाबी, तिच्यामागे बांबूची कमान, कमानीवर चादर, चादरीवर फ्रेंच वळणाने रंगवलेलं माझं नाव. खाली बांधलेला बोकड माझ्याकडे बघत होता.

यातून सुटायचं कसं, हे विचारायला मी घरी आलो, तर मंजुषाने सगळ्या कहाणीतून "बेट" एवढाच शब्द उचलला. माझं बोलणं संपेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर "सुट्टीत आम्ही बेटावर!" असा मेसेज गेलेला. सगळ्यांनी आपापल्या मनाने मालदीव समजून अभिनंदन केलं, हिनेही कुणाचा गैरसमज दूर केला नाही, आणि दुसऱ्या दिवशी रुंद काठाची गवती टोपी आणली. ते गाव डोंगरात आहे, समुद्र दिसणारही नाही, असं मी सांगून पाहिलं. "बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी, मला भूगोल शिकवू नका," म्हणाली.

समुद्र दिसला, पण विमानातून. पुढे एक जीप चढावर थकून थांबली आणि आम्ही चालू लागलो. आमच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, दोन लोणची आणि राइस कुकर. (म्लिमाजूत वीज लहर आली तर येते.) गावाच्या तोंडाशी अख्ख्या रस्त्यावर चटया घालून लवंगा वाळत ठेवलेल्या, आणि मी मान खाली घालून, घामाघूम, बॅगेची चाकं त्यांच्यावरून ओढत निघालो. समोरून गाणी म्हणत स्वागताला आलेलं गाव गाणं अर्ध्यावर सोडून चटयांकडे बघू लागलं. मग एक म्हातारी हसली आणि तिच्यामागे सगळा डोंगर हसला. बॅगेला अजून वास येतो.

खरा पेच बोकडाचा. नूरुद्दीनने गावात सांगून ठेवलेलं की सर फार मोठे आहेत, त्यामुळे बोकडही मोठाच निवडलेला. आम्ही मांस खात नाही हे चारचौघांत सांगायचं मला धाडस होईना, म्हणून डॉक्टरने मनाई केलीय असं मी पुटपुटलो. नूरुद्दीनने ते इमानदारीने सर्वांना सांगितलं. झालं. पाहुणा आजारी! मला चटईवर पालथा पाडून दोन धिप्पाड गृहस्थांनी लवंगेच्या तेलाने असं चोळलं की शेवटी मी खरोखरच आजारी पडलो. मंजुषा मात्र तिथल्या बायकांसारखा तोंडाला चंदनाचा लेप लावून बायकांच्या घोळक्यात बसली, आणि नारळाच्या दुधात शिजवलेला पाला चाखून "अहो, अगदी आपलं अळूचं फदफदं" असं मला तिथूनच ओरडून सांगत राहिली. ईशानीने पहिल्या दिवशी "डॅड, देअर इज लिटरली नो नेटवर्क" म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. निघायच्या दिवशी नूरुद्दीनची भाची यम्ना हिच्या गळ्यात पडून पुन्हा आणलं.

आणि मैमुनाबी. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आधी मंजुषाच्या आणि मग ईशानीच्या नाकावरून हात फिरवून ती म्हणाली, हे आईचं नाक आहे. संध्याकाळी नूरुद्दीन तिच्यासमोर बसायचा आणि ती त्याचा चेहरा चाचपायची. तिने त्याला शेवटचं नीट पाहिलं तेव्हा त्याला मिशी नव्हती. ताई, मला अगदी गलबलून आलं.

त्या गलबलण्यातच घोटाळा झाला. निघताना सगळं गाव जमलेलं, आणि माझ्या तोंडून सवयीने गेलं, "आता तुम्ही या हं आमच्याकडे." नूरुद्दीनने भाषांतर केलं. मैमुनाबीने विचारलं, "कधी?"

असो. बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझा,
गुणवंत

ता. क. बोकड मला भेट मिळाला. तो तिथेच आहे, मजेत चरतो. गावाने त्याचं नाव गुणवंत ठेवलंय.

ता. क. "कधी?" ऐकून मी बॅगेची चाकं तपासायला वाकलो, तेव्हा मंजुषा मदतीला धावली. आमच्या पुण्यात ताईंच्या घरासमोरच डोळ्यांचा दवाखाना आहे, दाजींचं ऑपरेशन तिथेच झालं, आणि ताईंचं घर म्हणजे आपलंच, असं ती म्हणाली. याचंही भाषांतर झालं.

ता. क. तर वैभवींच्या शेजारी बसून चहा पिणाऱ्या दोघी म्हणजे मैमुनाबी आणि यम्ना. दवाखान्याचं सगळं ठरलंय, त्या फक्त तुझ्याकडे राहतील. नूरुद्दीनची सगळी रजा आम्हाला गाव दाखवण्यात संपली आणि माझी बघण्यात, म्हणून आम्ही दोघंही आत्ता येऊ शकत नाही. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर तू "पाठव की" म्हणाली असतीस आणि मी "कधी?" विचारलं नसतं. त्यांना नमाजासाठी पश्चिम कुठे ते दाजींकडून दाखवून घे. पिशवीत लवंगा आहेत.

ता. क. नवी रजा मिळून नूरुद्दीन तिकडे पोचेपर्यंत मैमुनाबीच्या डोळ्यांवरची पट्टी निघालेली असेल. म्हणजे इतक्या वर्षांनी तिला पहिला चेहरा दिसणार तो तुझा. त्या दिवशी तेवढ्या आठ्या घालू नकोस, ताई.