काळ्या शाईखालचा पत्ता

प्रिय मेरिबेथ,

हे पत्र तू लीलंड मामाच्या गाडीत बसून वाचते आहेस. जूनी मागच्या सीटवर असेल, तिच्या पायात बूट आहेत की नाहीत देव जाणे. मामा काही सांगत नाही म्हणून तू त्याच्यावर चिडली असशील. चिडू नकोस, मीच त्याला सांगितलंय की आधी दोघींना गाडीत बसव, गाव मागे पडू दे आणि मगच पाकीट तिच्या हातात दे. दारात उभं राहून तू प्रश्न विचारत बसली असतीस. मी ओळखते ना तुला.

रँडल परत आलाय. आज सकाळी नऊला, शेरीफच्या ऑफिसात माझ्या खिडकीचं शटर वर केलं तर पहिला तोच समोर. अंगावर स्वच्छ धुतलेला शर्ट, हातात टोपी. अजूनही जावई असल्यासारखा म्हणाला, "काय आई, ओळख आहे ना? तब्येत काय म्हणते?" तीन वर्षं समुद्रातल्या तेलाच्या कामावर होता म्हणे. मी रोजच्यासारखंच विचारलं, काय हवंय.

आता ते मार्चमधलं सगळं आठव. तुझ्या बाबांच्या दफनाला तू आलीस, शेजारणींनी जेवण भरून आणलेली भांडी अजून परत करायची होती, आणि तुझ्या गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून शिपायानं तुला अडवलं. नाव तपासलं तर चार वर्षांपूर्वीची कोर्टाची एक तारीख चुकलेली. काळ्या पोशाखातच तुला आमच्या ऑफिसात आणलं, माझ्या डोळ्यांदेखत. दोन तास तू त्या बाकावर बसली होतीस. जुनी केस तिथल्या तिथे मिटली, पण अटक ती अटकच. पत्ता विचारल्यावर तू माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हणाले, "खरं सांग बाळ, कागदावर खोटं नको." तू खरा पत्ता सांगितलास. ते वाक्य माझ्या तोंडून का निघालं, याचा विचार मी सकाळपासून करते आहे.

आणि तो गुरुवारचा पेपर! आठवड्याभरात कुणाकुणाला पकडलं त्यांचे फोटो छापणारा, पेट्रोल पंपावर मिळणारा. तू लहान असताना जेवणाच्या टेबलावर तो मीच वाचून दाखवायचे. "हा बघ चर्चमधला बाजेवाला, दारू पिऊन कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला!" बाबांना हसून हसून ठसका लागायचा. त्या फोटोंमधल्या माणसांनाही आया असतील हे तेव्हा मनातही आलं नाही. मार्चमध्ये तुझा फोटो आला. रँडलनं तोच अंक घडी करून खिशात ठेवला होता. काउंटरवर पसरून त्यानं तुझ्या तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हिच्या अटकेचा कागद हवाय. कायद्यानं मिळतो ना?"

मिळतो. आपल्या राज्यात अटकेचा कागद कुणीही मागावा. कोण आहेस, कशाला हवाय, असं मी विचारायचंही नाही. बावीस वर्षं मी ही गोष्ट अभिमानानं सांगत आले. शेरीफच्या सख्ख्या मेहुण्याचा कागद मी एका वार्ताहराला दिला, तेव्हा ऑफिसात महिनाभर माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. लोकांना रात्रीतून उचलून नेतात आणि कुणाला पत्ता लागत नाही, तसं इथे होऊ नये म्हणून हा कायदा आहे. मला तो अजूनही बरोबरच वाटतो. तरीही आज त्या कायद्याची मला भीती वाटते.

मागच्या टेबलावरून नेटी कुजबुजली, "अगं, मशीन बंद आहे म्हणून सांग! उद्या ये म्हणावं. तुझ्या बापाचं काय जातंय?" नेटीला कुठलीही गोष्ट सोपी वाटते. मी ऐकलं नाही. कोर्टानं रँडलला तुझ्यापासून लांब राहायला सांगितलंय, त्यामुळे तुझा पत्ता झाकायची मला परवानगी आहे. पत्ता झाकायचा, बाकीचा कागद द्यायचा. नियमानं चाललं की सगळं नीट होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी घाबरले होते, आणि घाबरलं की मी नियमाच्या आड लपते. लहानपणी तू मला हे तोंडावर सांगायचीस.

कागद काढला. काळ्या मार्करनं पत्ता खोडला, एकदा, दोनदा, तीनदा. मग तो खोडलेला कागद मशीनवर ठेवून त्याची प्रत काढायची असते. ती प्रत माणसाला द्यायची, आणि मार्कर लावलेला कागद फायलीत ठेवायचा. नव्या पोरींना मीच हे पहिल्या दिवशी शिकवते. शाई कितीही लावा, कागद उजेडात धरला की खालची अक्षरं दिसतात.

त्यानं कागद घेतला, "थँक यू, आई" म्हणाला आणि निघाला. बाहेरच्या दारात थांबून त्यानं तो डोळ्यांसमोर धरला. मला वाटलं, ऊन लागतंय म्हणून आडवा धरतोय. दहा वाजता दुसऱ्या कुणाचं काम करायला मशीनपाशी गेले, तर ट्रेमध्ये तुझ्या कागदाची स्वच्छ प्रत पडलेली. मी त्याला शाईवाला कागद दिला होता.

तुमच्या गावच्या पोलिसांना फोन केला. तिथली बाई म्हणाली, "अहो, त्यानं अजून काही केलेलं नाही. कागद तर तुम्हीच दिलात ना?" तरी बिचारीनं एक गाडी पाठवली. घर बंद आहे म्हणाले. तुझा नंबर माझ्याकडे नाही. माझ्याकडून कुणाला मिळू नये म्हणून तो घ्यायचा नाही, हे आपणच ठरवलेलं. रविवारी तूच फोन करतेस. तीन वाजता कामावरून सुटून जूनीला घेऊन तू घरी येतेस, एवढंच मला माहीत. इथून चार तासांची वाट, म्हणून मामा. पंचवीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं, पण आज म्हणाला, "ताई, आज मी बस चालवल्यासारखी गाडी चालवणार नाही."

मी का आले नाही, असं तुला वाटेल. रँडलची हिरवी पिकअप समोरच्या खानावळीपुढे उभी आहे. तो काचेशी बसून अंडी खातोय. मघाशी त्यानं माझ्याकडे बघून कप उचलला. मी जागेवरून उठते का, हेच तो बघतोय. म्हणून मी खिडकीत बसून रोजच्यासारखी लिहिते आहे. लोकांना वाटत असेल, वेर्लीन काम करतेय. मामा मागच्या गल्लीतून पेट्रोल भरून येईपर्यंत हे संपवायचंय. दर ओळीनंतर वर बघते. गाडी आहे. गाडी आहे.

गाडी नाही.

अकराला दहा कमी आहेत. काचेशी कुणी नाही, बशी उचलून नेताहेत. मामा अजून आलेला नाही. नेटी त्याला फोन लावतेय.

आला. मागच्या दारात उभा आहे, हात पुढे करून. बरोबर अकरा वाजले. म्हणजे रँडल त्याच्यापुढे दहा मिनिटं आहे. तू हे वाचत असशील, तर ती दहा मिनिटं माझ्या भावानं भरून काढली. तू वाचत नसशील, तर... नाही, ते मी लिहीत नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. मामा तुला कुठे नेतोय ते मी त्याला विचारलेलं नाही, आणि मला सांगायचं नाही अशी त्याला शपथ घातली आहे. तूही सांगू नकोस. या रविवारी फोन करू नकोस, पुढच्याही नको. आवाज ऐकला की मी विचारीन, कशी आहेस, कुठे आहेस, आणि तू सांगशील, कारण खरं सांगायला मीच शिकवलंय. रँडल पुन्हा या खिडकीशी येईल, टोपी हातात घेऊन, आई म्हणत. मला जे माहीत असेल ते तो माझ्याकडून काढून घेईल. आज मी तोंडानं एक शब्द सांगितला नव्हता, तरी घेऊन गेला. तेव्हा माझ्याकडे तुझं काहीही नको, पत्ता नको, गाव नको, जूनीच्या शाळेचं नाव नको. जूनीला आजी विसरू देऊ नकोस, एवढं मात्र कर.

जिला तुझा पत्ता कधीच कळू नये,
ती तुझीच,
आई