जाड टायर आणि काखेतला थर्मास

पुंता लोबेरा,
४ मार्च

चि. अनिबाल यास मिर्ताताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नात पाहून आले. एमिल्से नाव ठेवलंय. नाक आपल्या बाबांचं आहे आणि स्वभावही त्यांचाच, कारण दूध मिळेपर्यंत कुणाचं म्हणून ऐकून घेत नाही. तिला मांडीवर घेतलं तेव्हा मला रडू आलं. तुझी भाची लुर्देस तुला तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी मीच सांगून टाकते.

आता काळजीचं. लेकीचं गाव, बार्रा, इथून किनाऱ्याकिनाऱ्याने दोन तासांच्या चालीवर, शेवटी ओढा, आणि ओढ्यावर गुमेरसिंदोची होडी. पण हा गुडघा आता वाळूत चालू देत नाही. कानेला घोडीही म्हातारी झाली; घरामागे चरते आणि खोगीर दिसलं की तोंड फिरवते. ट्रकने हमरस्ता गाठून बसने वळसा घ्यायचा तर सगळा दिवस मोडतो, आणि जून-जुलैच्या थंडीत ट्रक तरी कुठे रोज असतो? लुर्देस म्हणते, घर बंद कर आणि आमच्याकडेच राहायला ये. खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय तिने, खुराड्याकडे खिडकी असलेली. अनिबाल, मला नात हवी आहे आणि हे घरही सोडायचं नाही. दोन्ही हवं आहे, उगाच कशाला लपवू?

परवा एक पाहुणा जाड टायरच्या विजेच्या सायकलवरून मऊ वाळूतून सहज निघून गेला. माझी तळणीतली भजी करपली, इतका वेळ मी बघत राहिले. बाबांची होडी विकली त्यातला माझा वाटा तुझ्यापाशी आहे. तेवढ्यात बसेल अशी एक बघ. वर एक पेसो जायला नको, आणि तुझ्या खिशातला तर मुळीच नको.

ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, पुरे करते. ताईची आठवण धरून असतोस, तशीच धरून राहा.

तुझी,
मिर्ताताई

मोन्तेविदेओ,
१५ मार्च

ती. मिर्ताताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोरीच्या नाकाबद्दल वाईट वाटलं. पुढे काही सुधारणा झाली तर कळव.

सायकलचं वाचून मी आधी खुर्चीवर बसलो. बाबांच्या सायकलवरून तू चर्चसमोर पाववाल्याच्या टोपलीत पडली होतीस ते गावाने अजून सोडलेलं नाही. मला विचारशील तर लुर्देसचं बरोबर आहे. वादळी वारा सुटला की तू तिथे एकटी असतेस, आणि रेडिओवर बातमी ऐकून इथे माझी झोप उडते. पण तू ऐकणारी नाहीस हे ठाऊक असल्यामुळे गेले दहा दिवस दुकानं पालथी घातली.

सहा-सात पाहिल्या, त्यातल्या दोन उरल्या. एक काळी. तिला मी बैल म्हणतो. मोटर दणकट, सीट लांबलचक, एकदा भरली की बार्राला दोनदा जाऊन येशील, आणि किंमत तुझ्या वाट्यात आरामात बसते. दुसरी करडी, तिचं नाव बगळा. अंग हलकं, मोटर बेताची, एका भरण्यात जाऊन कशीबशी परत येशील, आणि किंमत मात्र तुझ्या वाट्याच्या वर. जास्त पैसे मोजून कमी जोर घेणाऱ्याला आपल्या घरात काय म्हणायचे ते तुला माहीत आहे. बैलच घ्यावा. होकार आला की इसार देतो.

तब्येतीला जप. मोठी आहेस, म्हणून आमच्यावर असाच हक्क गाजवत राहा.

तुझा,
अनिबाल

पुंता लोबेरा,
२२ मार्च

चि. अनिबाल यास अ. उ. आ.

तुझं पत्र गुमेरसिंदोला वाचून दाखवलं. बैलाचं वर्णन ऐकून तो म्हणाला की सायकल होडीत येईल, बाई पण येतील, मग वल्ही मारणाऱ्याला पोहत यावं लागेल. दुसरं असं, की बैलाची बॅटरी निघते का, हे तू लिहिलंच नाहीस. माझ्याकडे छपरावर एक सौर पट्टी आणि स्वयंपाकघरात एक प्लग. तुझा बैल त्या दारातून आत यायचा नाही, आणि आला तर मी बाहेर राहीन.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तू विचारलीच नाहीस. मोटर विचारलीस, सीट विचारलीस, आणि वाटेत मी मात्ते कशी प्यायची? त्या कडू चहाच्या घोटांशिवाय एवढी वाट कधी चालले आहे का मी? गरम पाण्याचा थर्मास माझ्या डाव्या काखेत, मात्तेचं भांडं डाव्या हातात. म्हणजे सायकलला उरतो उजवा हात. रेस कुठल्या मुठीत आहे? तू उरुग्वेतच जन्मलास ना रे? मी होते तिथे, म्हणून विचारते. थर्मास घेऊन दुकानात जा, काखेत धरून दोन्ही चालवून बघ, आणि मग मला अक्कल शिकव.

लुर्देसने खोलीला पडदेही लावले म्हणे. पिवळे. पोरीने जीव ओतलाय, आणि मला नाही म्हणवत नाही. पण त्या खोलीत समुद्र ऐकू येत नाही, अनिबाल. थंडीच्या आधी काही जमलं नाही तर मला जावं लागेल, एवढं मला कळतं. वाऱ्याच्या रात्री मी छान झोपते, तूही झोपत जा.

रागावले तरी आशीर्वाद आहेतच.

मिर्ताताई

मोन्तेविदेओ,
६ एप्रिल

ती. मिर्ताताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे थर्मास काखेत मारून दुकानात गेलो. लोक हसतील म्हणून दारातच घुटमळलो. कोणी हसलं नाही. उलट दुकानाच्या मालकीणबाईंनी स्वतःच्या काखेतला थर्मास काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या की इतकी वर्षं सायकली विकतेय, हा प्रश्न कुणी विचारला कसा नाही. दोन गिऱ्हाइकं होती, तीही आपापले थर्मास घेऊन वादात उतरली. एकाचं म्हणणं, मात्ते उतरून प्यावी. त्याला सगळ्यांनी गप्प केलं.

आधी बैल. रेस उजव्या मुठीत आहे, पण तो असा उसळतो की अर्धी मात्ते माझ्या शर्टावर. बॅटरी त्याच्या पोटात बोल्ट मारून बसवलेली, निघत नाही. मग बगळा. चाल अशी की भांड्यातलं पाणी हललं नाही. बॅटरी किल्लीने सुटते, पावाच्या लादीएवढी आहे, आणि सायकल मी एकट्याने उचलून पाहिली. फक्त रेसचा खटका डाव्या अंगठ्याशी. वळताना थर्मास घसरला, तो सावरायला मी कोपर आवळलं, अंगठा दाबला गेला, आणि मी हेल्मेटांच्या मांडणीत. थर्मास शाबूत, मात्ते शाबूत, मी शाबूत. बगळ्याच्या मागच्या मडगार्डला पोचा आला आणि अंगावर लांब ओरखडा.

मी भरपाईसाठी पाकीट काढलं. बाईंनी ओरखडा पाहिला, मग मला पाहिलं, आणि म्हणाल्या की आता ही नवी म्हणून खपायची नाही. बैलाच्या किमतीला घेऊन जा, खटका उजवीकडे मी लावून देते. ताई, तुझा वाटा पुरला. माझ्या खिशातला एक पेसोही लागला नाही. येत्या शनिवारच्या बसवर चढवतो.

आता तू म्हणशील की मी मुद्दाम धडकलो. हे त्रेसष्ट वर्षांचं कोपर आहे, ते मला विचारून वागत नाही.

हळू चालव. तुला काही झालं तर मला रागे भरणारं कोणी उरणार नाही.

तुझा,
अनिबाल

पुंता लोबेरा,
२ मे

चि. अनिबाल यास अ. उ. आ.

बगळा आला. आठवडाभर घराभोवती शिकले. दोनदा पडले, दोन्ही वेळा वाळूत, आणि दोन्ही वेळा कानेलाने पाहिलं. परवापासून उत्तरेचा वारा होता, समुद्र मागे सरला, ओली वाळू डांबरासारखी घट्ट झाली. निघाले. डावीकडे टेकाडं, उजवीकडे लाटा, आणि मी मात्ते पीत मधून. अडुसष्टाव्या वर्षी इतकी खूश होईन असं वाटलं नव्हतं. मोठ्याने गात होते, ऐकायला फक्त पाखरं होती.

गुमेरसिंदोने सायकल एका हाताने होडीत घेतली आणि टायर चाचपून पाहिले. पलीकडे लुर्देस पोरीला घेऊन उभी होती. मी उतरले, ती पुढे आली. एमिल्सेला माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवून रडली. मग थर्मास हलवून पाहिला आणि पाणी अजून गरम आहे म्हणाली.

कोपराची गोष्ट मला सांगू नकोस. चाळीस वर्षं थर्मास काखेत धरून धावती बस पकडलीस, तेव्हा थेंब सांडला नाही. पोचा मात्र मी ठोकून घेणार नाही. रोज त्यावरून हात फिरवते.

भावा, सुखी राहा.

मिर्ताताई

बार्रा,
१९ जून

ती. अनिबालमामास,
कृ. सा. न. वि. वि.

एमिल्सेला पहिला दात आलाय. नाक तेच आहे.

आई आठवड्यातून दोनदा येते. आग्नेयेचा वारा असला की ओढा फुगतो, तेव्हा तेवढी खेप चुकते. मी खोली रंगवली ती तिची काळजी म्हणून, असं सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे बाळंतपणानंतर मला आई जवळ हवी होती, दुसरं काही नाही. त्या खोलीत आता सायकल उभी असते, कारण प्लग तिथेच आहे. पिवळ्या पडद्यांतून कोंबड्या तिला बघत बसतात.

आमचा नियम असा ठरलाय की बॅटरी भरेपर्यंत आईने थांबायचं, भरली की निघायचं. आई म्हणते, थंडीत तिला चार तास लागतात. मामा, ती घरून भरूनच निघते, इथे अर्धीच भरायची असते. हिरवा दिवा दोन तासांत लागतो. आई त्या दिव्याकडे पाठ करून बसते, नातीला मांडीवर घेते आणि अधूनमधून म्हणते की ही बॅटरी भारी सावकाश भरते. मी मान डोलावते.

थंडीत एकदा या. गुमेरसिंदो तुमच्या कोपराची चौकशी करत होता. भाचीवर आहे तेवढा जीव नातीवरही लावा.

तुमची,
लुर्देस

ता. क. आईला हे कळवू नका. ती आली की मी एमिल्सेचं एक दुपटं त्या दिव्यावर वाळत टाकते.